आठ महिन्यांचं बाळ घेऊन गणपतीला गावी

मुंबईहून सिंधुदुर्गात जाताना गाडीतल्या नऊ-दहा तासांची सगळ्यांना धास्ती असते. खरं तर तेच सगळ्यांत सोपे. बाळ आईपाशी असतं, डबा हलता असतो, आजूबाजूची चार माणसं सोडली तर कोणी त्याला उचलून घेत नाही. कठीण असतात ते कुडाळला उतरल्यापासूनचे पुढचे दोन दिवस: स्टेशनपासून घरापर्यंतची वाट आणि मग पंचवीस-तीस माणसांनी भरलेलं मूळ घर. आमच्याकडे हा प्रवास वेगवेगळ्या बाळांबरोबर दर वर्षी कोणी ना कोणी करतंच. तयारीचा बहुतेक भाग प्रवासावर खर्च होतो आणि घरासाठी काही उरत नाही, ही चूक आम्ही सगळ्यांनीच केली आहे.

सुरुवात तिकिटापासून. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. ११ तारखेची गाडी हवी असेल तर १३ जुलैला ८ च्या आधी लॉगिन करून बसायचं. खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवायची, नाहीतर आरक्षण उघडण्याच्या दिवसाची मोलाची वेळ हातची जाते. हे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास निघते आणि पनवेलला पोचेपर्यंत तारीख बदललेली असते. तुतारी दादरहून मध्यरात्रीनंतर लगेच सुटते, त्यामुळे ‘११ च्या रात्रीची’ म्हणून काढलेलं तिकीट नेमकं कोणत्या रात्रीचं, यात दर वर्षी कोणीतरी फसतं. तिकीट हाती येताच त्यावरची तारीख आणि वार मोठ्याने वाचा. परतीचं तिकीटही त्याच हिशेबाने आधीच ठरवून ठेवायचं. विसर्जनानंतर ते मिळत नाही.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही. म्हणून खालची बर्थ हवीच. आरक्षण करताना ‘निदान एक खालची बर्थ मिळाली तरच तिकीट काढा’ असा पर्याय असतो, तो निवडा. दुसरी युक्ती अशी की पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना आणि साठीच्या पुरुषांना खालची बर्थ देण्याची रेल्वेची सोय आहे, पण ती एकेकट्या किंवा दोघांच्या तिकिटावर नीट चालते. आजी बरोबर येणार असेल तर तिचं तिकीट सगळ्या कुटुंबाच्या तिकिटात घालू नका, वेगळं काढा. डब्यात गेल्यावर मग अदलाबदल घरातल्या घरात होते.

गाडी रात्रीची की दिवसाची, हा वाद प्रत्येक घरात होतो. आमचं मत रात्रीच्या बाजूने. बाळ एरवी झोपतं त्या वेळात निम्मा रस्ता संपतो आणि सकाळी उजेडात उतरता येतं. मांडवी सकाळी निघते, खाणं-पिणं उत्तम, पण आठ महिन्यांच्या रांगत्या बाळाला दिवसभर बर्थवर धरून ठेवणं म्हणजे दोन माणसांचं पूर्णवेळ काम. वंदे भारतमध्ये आडवं व्हायला जागा नाही, बाळ अख्खा वेळ मांडीवर. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईची पाठ रत्नागिरी येईपर्यंत बोलायला लागते. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेवर गाड्या मुद्दाम हळू चालवतात, मार्ग बहुतेक एकेरी आणि सणाला जादा गाड्या, त्यामुळे क्रॉसिंगला थांबत थांबत दोन-तीन तास उशीर धरूनच चला. बाळाच्या सामानाचा हिशेब छापलेल्या वेळेवर करू नका, त्यात चार तास मिळवून करा.

प्रवासाचा दिवस ठरवताना लसीचं कार्ड समोर ठेवायचं. लस दिल्यानंतर पहिले एक-दोन दिवस ताप आणि चिडचिड असू शकते, म्हणून लस आणि गाडी यांत किमान तीन दिवस असावेत. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस जवळ आली असेल तर डॉक्टरांशी बोलून तारखा जुळवा. कार्डाचा फोटो फोनमध्ये असला तरी मूळ कार्ड बरोबर घ्या. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायची वेळ आली तर पहिलं तेच मागतात.

गाडीतली हातपिशवी एकच आणि ती कायम आईच्या किंवा बाबांच्या डोक्याशी. तिच्यात सहा डायपर (दर तीन-चार तासांना एक, वर उशिराचे दोन), कपड्यांचे तीन जोड, आईचा एक सदरा, दोन ओले-कोरडे पंचे, अंथरायला रबरी कापड आणि गाठ मारायला पाच-सहा जाड पिशव्या. आईचा सदरा सगळे विसरतात आणि ओकारी नेमकी त्यावरच होते. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधायचा आणि स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकायचा. संडासात तर अजिबात नाही. गाड्यांत आता जैव-शौचालयं आहेत, त्यांत कापड किंवा डायपर गेला की तुंबतात आणि उरलेल्या प्रवासात अख्ख्या डब्याची पंचाईत होते.

खाण्याचा विचार साधा ठेवा. अंगावर पिणाऱ्या बाळाला गाडीत दूध सगळ्यांत सोपं, एक मोठी ओढणी पुरते. डब्याचं दूध असेल तर पावडर एका वेळेच्या मापाने वेगवेगळ्या कोरड्या डब्यांत भरून घ्या आणि अर्ध्या लिटरचे दोन थर्मास घरून उकळलेल्या पाण्याने भरा. एक गरम, एक कोमट. पँट्रीचं ‘गरम पाणी’ गरम असतं, पण उकळलेलं असेलच असं नाही. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात टाकून द्यायचं. कितीही जीवावर आलं तरी.

वरच्या खाण्यासाठी शिजवलेली मऊ खिचडी डब्यात घालून नेऊ नका. कोमट भात तासन्‌तास राहिला की त्यात जंतू वाढतात आणि मग गावी गेल्यावर ‘प्रवासाने पोट बिघडलं’ असं आपण म्हणतो. त्यापेक्षा साळीच्या लाह्यांचं पीठ न्या. लाह्या भाजून, मिक्सरला फिरवून, चाळून घेतलेलं पीठ दोन मोठे चमचे, थर्मासातलं गरम पाणी अर्धी वाटी, दोन मिनिटं झाकण. शिजवावं लागत नाही, गुठळ्या होत नाहीत. जाडे पोहे कुरकुरीत भाजून दळले तरी असंच होतं. बरोबर एक-दोन केळी. मीठ, साखर, गूळ काही नको, वर्षाच्या आत त्याची गरज नसते.

झोपवायचं ते खालच्या बर्थवर भिंतीच्या बाजूला, आई बाहेरच्या कडेला, बाळाच्या पायथ्याशी बॅग. मधली किंवा वरची बर्थ बाळासाठी नाही, साखळी असली तरी. साडीची झोळी दोन बर्थच्या मध्ये बांधणारे पुष्कळ दिसतात. आम्ही बांधत नाही. गाडी वळणावर कलली की झोळी आडवी हलते आणि बाळाचं डोकं बर्थच्या लोखंडी कडेला लागतं. शिवाय झोळीत मान छातीवर दुमडली जाते. वातानुकूलित डब्यात रात्री पहाटे गारठतं, तेव्हा टोपी आणि मोजे घाला, पण रेल्वेचं ब्लँकेट बाळावर नको, घरचं पातळ पांघरूण बरं.

बोगद्यांची एक गंमत. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. विद्युतीकरण झाल्यापासून विजेच्या गाडीत डिझेलच्या धुराचा त्रास उरला नाही, पण उघड्या खिडकीच्या डब्यात बोगद्यात शिरताना आवाज एकदम दुप्पट होतो आणि झोपलेलं बाळ दचकून उठतं. शयनयान डब्यात असाल तर चिपळूण गेल्यावर काचा खाली ओढून ठेवा. पाऊसही आत येत नाही.

आता उतरणं. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी इथे गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि चतुर्थीच्या आधी दारात माणसं, पिशव्या, पाट, मखराचं सामान असं सगळं असतं. मागच्या स्टेशनपासूनच सामान दाराकडे सरकवायला लागा. क्रम ठरलेला असावा: आधी एक मोठा माणूस रिकाम्या हाताने उतरतो, मग त्याच्या हातात बाळ, मग सामान, शेवटी दुसरा माणूस. उलट केलं, म्हणजे आधी सामान उतरवत बसलं, तर बाळ आणि आई गाडीत राहतात. फलाट बुटका असेल तर पायऱ्या उंच पडतात. पावसात त्या निसरड्या असतात, म्हणून बाळ झोळीत किंवा कॅरियरमध्ये छातीशी बांधलेलं असलं तरी कोणीतरी खालून हात द्यायलाच हवा. बाबागाडी नेऊ नका. चिखलाच्या पाणंदीत आणि पायऱ्यांच्या घरात ती फक्त ओझं होते.

स्टेशनं गावापासून लांब. रत्नागिरीचं कुवारबावला, राजापूर रोडचं तर राजापूरपासून बरंच दूर. सणाच्या दिवशी रिक्षा बाहेर असतात, पण बाळासाठी आधी ठरवलेली बरी, म्हणजे चालक नावाने ओळखतो आणि गाडी उशिरा आली तरी थांबतो. मोटारीने जायचं असेल तर एक सवय सोडून द्या: पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ. अपघातात एअरबॅग उघडली तर त्या बाळाचं काय होईल, याचा विचार करून बघा. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट, तिचे पट्टे आवळलेले. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. घाटात आणि महामार्गाच्या अर्धवट पट्ट्यांत दर दोन तासांनी थांबून बाळ सीटमधून बाहेर काढायचं.

आणि मग घर.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसांना बुजतं. हा नखरा नाही, वाढीचा टप्पा आहे. आत्या, काकू, चुलत आज्या, शेजारची वहिनी सगळ्या पडवीत उभ्या असतात आणि पाय धुण्याआधीच कोणीतरी म्हणतं, ‘गे, बाळाक हय दी बघूया.’ पहिला अर्धा तास बाळ आईबाबांच्या हातातून सोडायचं नाही. आपण खाली बसायचं, माणसांनीही बसायचं, बाळ स्वतः बघतं आणि मग एखाद्या बांगडीसाठी हात पुढे करतं. त्या बांगडीवाल्या काकूला पहिला मान. शक्य असेल तर चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी पोचा, म्हणजे घर भरायच्या आत बाळाला निम्मे चेहरे ओळखीचे होतात. जाण्याआधी महिनाभर आजीशी रोज व्हिडिओवर दोन मिनिटं बोलणंही उपयोगी पडतं. आवाज आधी ओळखीचा होतो.

नियम सांगायचे कोणी, हा खरा प्रश्न. सून बोलली की ‘शहरातली’ ठरते. तेच वाक्य मुलाने आपल्या आईला किंवा आत्याला, निघण्याच्या आठवडाभर आधी फोनवर सांगितलं तर ऐकलं जातं. ज्याचं घर त्याने बोलायचं, आणि माहेरी गेलात तर मुलीने. यादी लांब करू नका. तीनच गोष्टी सांगा आणि बाकी सोडून द्या: मध नाही, पापे नाहीत, कानानाकात तेल नाही.

मध वर्षाच्या आत कधीच नाही, बोटाला लावूनही नाही. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यांत वाढून लकवा आणणारं विष तयार करतात. ‘थोडो चाटय गो, काय होना नाय’ असं म्हणणाऱ्या आजीने पाच मुलं वाढवलेली असतात, तेव्हा वाद घालू नका, ‘डॉक्टरांनी एक वर्ष थांबायला सांगितलंय’ एवढंच. गुटीला घरोघरी मान आहे, पण ती पाण्यात आणि सहाणेवर उगाळतात आणि सहाण किती स्वच्छ, ते कोण बघतं? काजळ डोळ्यात नको. दृष्टीसाठी टिकलीएवढं गालावर किंवा तळपायाला लावू द्या, त्याने आजीचं मनही राहतं. ओव्याची धुरी बंद खोलीत नको. दृष्ट काढणं, ओवाळणं, पायावर घेऊन आंघोळ, तेल चोळणं याला नाही म्हणू नका. आंघोळ घालणारी बाई जुनी आणि सवयीची असेल तर ती आपल्यापेक्षा बरी घालते. पाणी फक्त कोपराने बघून घ्यायचं, चुलीवरच्या हंड्यातलं पाणी आपल्या अंदाजापेक्षा कढत असतं.

खाण्याच्या बाबतीत मात्र कोकणातलं घर बाळाला फार सोयीचं. उकड्या तांदळाची पेज, मऊ आटवल (गुरगुट्या भात), पिकलेली केळी. यांतलं सगळं मीठ घालण्याआधी बाजूला काढून ठेवायला सांगा. नैवेद्याच्या मोदकाची फक्त उकड चिमूटभर कुस्करून द्यावी, सारणातला नारळाचा चव घशात अडकतो. विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं. चार पदरी फडक्यातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर आणखी मिनिटभर ठेवून, झाकून गार करायचं. बाळाचं भांडं आणि चमचा वेगळा आणि त्याच्यावर झाकण, माशा असतातच.

रांगतं बाळ आणि गणपतीची खोली हे जोडपं अवघड. समई आणि निरांजन जमिनीजवळ, बाळाच्या हाताच्या उंचीला. गणपतीसमोर पाटांची आडवी रांग लावा आणि आरतीच्या वेळी बाळ कडेवर. वर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट, बांधलेली असते. तिच्यातून सुपाऱ्या, आंबाडे आणि लालभडक कवंडळं खाली पडत राहतात. कवंडळ दिसायला देखणं, पण ते खायचं फळ नाही, आणि आठ महिन्यांचं बाळ जे दिसेल ते तोंडात घालतं. दर सकाळी आणि प्रत्येक आरतीनंतर त्या जागेवरून केर काढायचं काम एका मोठ्या मुलाला नेमून द्या. मुलं हे काम फार मन लावून करतात. पडवीला कठडा नसेल तर जोत्याच्या कडेला बाक आडवा टाका. न्हाणीघरात बादलीत पाणी ठेवू नका.

रात्री भजन. टाळ-मृदंग बारा-एक पर्यंत, मधूनच फटाके. बाळाला पुढच्या खोलीतून शक्य तितक्या मागे झोपवा. कौलांवरच्या पावसाचा आवाज आपल्या बाजूने असतो, पंख्याची त्याला साथ. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा छोटा पंखा आणि दिवा न्या. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा, ती डासांइतकीच विंचवासाठीही आहे. अंथरूण घालताना रोज झटकायचं, दिवसाही. मच्छर पळवायचं मलम बाळाच्या हातांना लावू नका, ते तोंडात जातात. अंगणातल्या साचलेल्या पाण्यात बाळाचे पाय घालू नका, कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो.

भाद्रपदात कपडे वाळत नाहीत आणि गावात डायपर उचलायला कोणी येत नाही. पुरलेला कुजत नाही, जाळला तर विषारी धूर. आमचा हिशेब असा: दिवसा सुती लंगोट, किमान वीस, आणि रात्री व बाहेर जाताना डायपर, म्हणजे दिवसाला तीन-चार. लंगोट पडवीत दोरीवर दमट राहिले की इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा. चुलीवर वाळवलेल्याला धुराचा वास लागतो आणि दमट लंगोटाने दोन दिवसांत मांड्या लाल होतात. वापरलेले डायपर घट्ट बांधून परत न्यायचे. घरातले हसतील, हसू द्या.

औषधांची पुडी छोटी असावी. तापाचं पॅरासिटामॉल डॉक्टरांनी बाळाच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं, आणि नेमकं तेच. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०. गावच्या दुकानात थेंब नसले आणि सिरप घेतलं तर ‘एक मिली’ हे माप बदलतं, हे लक्षात न आल्याने चुका होतात. ओआरएसची पुडी असेल त्या मापाच्या पाण्यात पूर्ण घालायची, मोठी असेल तर एक लिटर. अर्धी पुडी अंदाजाने नको आणि ओआरएसऐवजी गोड पेयं तर नकोतच. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याने, आणि अंगावरचं दूध चालूच.

सणात दवाखाने बंद असतात. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, उपजिल्हा रुग्णालय किती लांब, हे पोचल्याच दिवशी विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. बाळ दूध ओढत नाही, शांत असतानाही मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास, सहा तास लघवी नाही, सारखी ओकारी, किंवा उठवलं तरी मलूल, यांतलं काहीही दिसलं तर आरती अर्धी टाकून निघायचं.

परतीला सामान वाढतं. नारळ, कोकम, तांदूळ आणि काकूने ऐनवेळी हातात दिलेली पिशवी. दोन मोठी माणसं म्हणजे चार हात, त्यांतले दोन कायम बाळाचे. उरलेल्या दोन हातांत जे मावेल तेवढंच घ्या, नारळ दिवाळीला कोणीतरी आणतंच. दमट कपडे वेगळ्या बंद पिशवीत आणि घरी पोचल्याबरोबर मशीनमध्ये, रात्र गेली की त्यांना बुरशीचे काळे ठिपके पडतात. पुढचे तीन-चार दिवस बाळ रात्री दोनदा जास्त उठेल, उचलून घेणारे पंचवीस हात एकदम गायब झालेले असतात. त्या आठवड्यात आजीचा फोन संध्याकाळी, झोपायच्या तासभर आधी लावा.